पार्वतीचं माहेर

माझ्या नणंदेला, शैलाताईंना, सदुसष्ट मेलेल्या बायका तोंडपाठ आहेत. त्यातल्या तिघी सोडल्या तर एकीलाही त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण नुसतं विचारा, "ताई, काशी कोण हो?" की झालं सुरू. कुठल्या गावची, कुणाला दिली, किती मुलं झाली, त्यातली किती जगली, कशाने गेली. सिंगापूरच्या आंग मो किओमधल्या त्यांच्या लहानशा फ्लॅटमध्ये मी जाते तेव्हा मला आधी पाय पुसावेसे वाटतात. एवढ्या बायका बसलेल्या असतात ना तिथे.

शैलाताई मॉर्मन आहेत, अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या. हे वाक्य त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. "मॉर्मन म्हणू नकोस विभा, आमच्या चर्चला पूर्ण नाव आहे," असं म्हणून त्या ते पूर्ण नाव इंग्रजीत सांगतात, आणि ते संपेपर्यंत आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकची लिफ्ट चौदाव्या मजल्यावर पोचलेली असते.

ताईंचे यजमान गेले तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. आम्ही तेव्हा अजून पुण्यात. इथे त्यांचं कोणी नव्हतं. छातीवर नावाची काळी पट्टी लावलेल्या दोन परदेशी मुली त्यांच्या दारात आल्या आणि धर्माबद्दल अवाक्षर न काढता सिंकमधली तीन दिवसांची भांडी घासून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. ताई म्हणतात, "मला देव नंतर भेटला. आधी घासलेली कढई भेटली." दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दिलीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुण्याहून फोनवर पुष्कळ आरडाओरडा केला. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कढई घासायला येतोस?"

त्यांच्या धर्मात एक गोष्ट आहे, जी ऐकून मी आधी हसले आणि मग ताईंना परत सांगायला लावली. मेलेल्या माणसाच्या वतीने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घ्यायचा. आपल्या पूर्वजांची नावं शोधायची, वंशवृक्षात भरायची, मग त्यांच्या टेंपलमध्ये जायचं. ताई त्यासाठी बँकॉकला जातात. तिथे बारा बैलांच्या मूर्तींनी पाठीवर तोललेला पाण्याचा हौद असतो. मेलेल्या बाईचं नाव घेतात, आणि जिवंत बाई त्या पाण्यात पूर्ण बुडून वर येते. पटलं तर त्या मेलेल्या बाईने तिकडे स्वीकारायचं, नाही पटलं तर नाही. "सक्ती नाही हं," ताई मला बजावतात, जणू मीच तिकडून तक्रार घेऊन आले आहे.

पण नावं आणायची कुठून? पुरुषांची सापडतात. बायका सापडत नाहीत. तेव्हा या चर्चला जाणाऱ्या बाईने नाशिक गाठलं, आमच्या घराण्याच्या उपाध्यांकडे. पिढ्यान्‌पिढ्या जे कोणी तीर्थाला आले, त्यांनी आपल्या माणसांची नावं ज्यांत लिहून ठेवली ती लांबट बाडं त्यांच्याकडे होती. ताईंनी आधीच सांगून टाकलं की मी ख्रिस्ती आहे. उपाध्ये म्हणाले, "बाई, नाव शोधायला आलात ना? मग बसा." त्यांनी सासरचं आणि माहेरचं, सगळ्या शाखांचं वाचून दाखवलं. ताईंनी पानांचे फोटो काढले. जुना मजकूर मोडीत होता, उपाध्यांना घाई होती, त्यामुळे नावं तेवढी उतरून घेता आली. बाकीचं नुसतं फोटोत राहिलं.

सदुसष्टांपैकी एकीने मात्र ताईंना नऊ वर्षं छळलं. तेवीस नंबरची पार्वती. ही ताईंच्या आणि दिलीपच्या आजीची सासू. साताऱ्याच्या महादेवची बायको. तिचं माहेर कुठलं, बाप कोण, लग्नाआधीचं नाव काय, काही पत्ता नाही. ताईंच्या यादीत तिच्यापुढचे रकाने रिकामे. आजी जिवंत असताना ताईंनी तिला विचारलं होतं म्हणे, "आजी, तुझी सासू कशी होती गं?" आजी म्हणाली होती, "मला कडेवर घ्यायची."

सगळे हसले होते. सून कडेवर? दहाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी कडेवर कशी मावेल? म्हातारीला भ्रम झाला, असं म्हणून विषय संपला. ताईंनी मात्र यादीत पार्वतीपुढे लिहून ठेवलं: सुनेला कडेवर घ्यायची.

आता प्रबोध. ताईंचा एकुलता एक मुलगा, वय एकोणतीस. आईमागोमाग त्यानेही बाप्तिस्मा घेतला. सैन्यातली सक्तीची दोन वर्षं संपल्यावर पांढरा शर्ट आणि टाय घालून आणखी दोन वर्षं फिलिपाइन्समध्ये दारोदार धर्मप्रचार केला. परत आला, रॅफल्स प्लेसला एका बँकेत लागला, आणि दोन वर्षांपूर्वी चर्च सोडलं. का सोडलं ते तो तासभर सांगू शकतो आणि सांगतोही, कारण त्याने यूट्यूबवर चॅनल काढलं आहे. नाव 'व्हाइट शर्ट ऑफ'. चर्च सोडलेली माणसं जगभरातून ते बघतात. चर्चमधली माणसंही बघतात, भांडायला.

त्याच्या व्हिडिओंना सबटायटल मी देते. माझी मुलगी जाई शिकायला मेलबर्नला गेली आणि घर फार शांत झालं, तेव्हा लॅपटॉपवर बघून बघून हे शिकले. ताईंच्या चर्चमधल्या बायका आपापल्या श्रद्धेबद्दल दोन-तीन मिनिटं बोलतात, त्या व्हिडिओंनाही मीच सबटायटल देते. दिलीप म्हणतो, "याला डबल एजंट म्हणतात. पूर्वी गोळ्या घालायचे." आणि बूट घालून पळायला जातो. बहीण आणि भाचा यांच्या बाबतीत त्याचं धोरण पळण्याचंच आहे.

दोन्हीकडच्या कमेंट मी सगळ्या वाचते. एकीकडचे लिहितात, "तू खोटं बोलतोयस, तुझ्या आत्म्याला माहीत आहे." दुसरीकडचे लिहितात, "तुमच्या मेंदूला लहानपणीच कुलूप घातलंय." श्रद्धावाले लिहितात, "तुझ्या आईसाठी प्रार्थना करतो." सोडून गेलेले लिहितात, "तुझ्या आईची कीव येते." आंग मो किओच्या बाजारातून दोन पिशव्या घेऊन चालत येणाऱ्या या बाईवर चार खंडांत मालकी हक्क सांगितला जातो. पण मधेच एखादी कमेंट येते. कुठली तरी बाई लिहिते की मी चर्च सोडल्यापासून अकरा वर्षं बाबांचा फोन नाही. खाली कोणी लिहितो की माझी मुलगी सोडून गेली, मला तिला फोन करायचाय पण काय बोलू कळत नाही. हे दोघं एकमेकांचे कोणी नसतात. तरी मला वाटतं, जरा वर-खाली करा रे ही दोन वाक्यं, शेजारी ठेवा. एवढी माणसं, एवढ्या लांबून, एकमेकांचं तोंड न बघता इतकी जीव तोडून बोलतात. मी चहा विसरून बसते.

पहिल्याच व्हिडिओत प्रबोध आईबद्दल दोन मिनिटं बोलला. ते कोणीतरी ताईंना चर्चच्या आवारात, सगळ्यांदेखत, फोनवर दाखवलं. तेव्हापासून आठ महिने मायलेकांचं बोलणं बंद. रविवारी सकाळी ताईंचा मला मेसेज यायचा: "जेवला का विचार." मी प्रबोधला पाठवायचे: "जेवलास का?" त्याचं उत्तर: "टेल हर येस." मग मी ताईंना कळवायचे, "हो, वरण-भात आणि फरसबी." वरण-भात आणि फरसबी माझ्या पदरची.

एका बुधवारी प्रबोधने नवीन व्हिडिओ पाठवला. "मामी, सबटायटल्स बाय सॅटर्डे, कॅन? रविवारी दुपारी चारला टाकायचाय."

व्हिडिओचं नाव होतं 'माझ्या आईची भुतं'.

त्यात ताईंची यादी होती. आख्खी. चांगल्या दिवसांत ताईंनीच त्याला ती पाठवली होती. आणि नाशिकच्या बाडाची पानं, ताईंनीच काढलेली. कॅमेऱ्यात प्रबोध शांतपणे, बँकेत कर्ज नाकारताना बोलत असेल तसा बोलत होता. माझ्या आईने सदुसष्ट हिंदू बायकांना न विचारता पाण्यात बुडवलंय. त्यातली एक तर अस्तित्वातच नव्हती. बघा, तेवीस नंबर, पार्वती, सातारा, बाप रिकामा. एक्केचाळीस नंबर, चिमा, वाईची, आमच्या पणजीच्या माहेरची एक आत्या, नवरा रिकामा. पानं मोडीत आहेत, म्हणून मी कोल्हापूरच्या एका निवृत्त मास्तरांना ऑनलाइन शोधून ती वाचून घेतली. साताऱ्याच्या पानावर लिहिलंय: मातोश्री पार्वती, वारली शके अठराशे चाळीस, कार्तिक वद्य षष्ठी. वाईच्या पानावर: आत्या चिमा, साताऱ्यास दिली, वारली शके अठराशे चाळीस, कार्तिक वद्य षष्ठी. तीच तिथी, तेच वर्ष. एकाच नोंदीच्या दोन बायका केल्या. आकडा वाढवायला माणसं तयार केली.

मी व्हिडिओ थांबवला. पान मोठं केलं. मोडी मला येत नाही. काळ्या मुंग्यांची रांग एका दमात पान ओलांडून गेल्यासारखी दिसत होती. त्या रांगेत एक बाई दोनदा मेलेली होती. मी फोन उचलला.

"प्रबोध, ऑफिसनंतर घरी ये. चहा पिऊन जा."

"मामी, इफ धिस इज अबाउट आई..."

"तांदळाबद्दल आहे."

संध्याकाळी आला. टाय सैल, चेहरा त्याहून सैल. मी त्याच्यापुढे ताट ठेवलं, त्यात तांदूळ पसरले आणि बोटातली अंगठी काढून तिच्या कडेने लिहिलं: विभा.

"हे काय?"

"माझं नाव."

"आय नो युअर नेम, मामी."

मी तांदूळ सारखे केले. परत लिहिलं: कुंदा. "हे पण."

तो बघत राहिला. "कुंदा हू?"

"मी. सव्वीस वर्षं मी कुंदा होते. लग्नात तुझ्या मामाने ताटात तांदळावर अंगठीने विभा लिहिलं, भटजींनी माझ्या कानात सांगितलं, आणि कुंदा संपली. आता कुंदा म्हणणारं कोणी उरलं नाही. एक मावशी आहे, तिलाही ऐकू येत नाही."

"वेट. फर्स्ट नेम? यादीतल्या त्या बायकांसारखं? आणि तू ओके होतीस?"

"तेव्हा अक्षर किती वाईट आहे एवढंच मनात आलं होतं."

तो हसला नाही. ताटाकडे बघत होता. हुशार मुलगा आहे, त्याला वेळ दिला की पुरतं.

"चिमा," तो म्हणाला. "वाईची चिमा. साताऱ्यास दिली." मग ताटातले तांदूळ बोटाने सारत, "शिट. मामी, शी'ज नॉट फेक."

"नाही."

"शी'ज वन वुमन."

"एकच. तुझ्या आईने तिला दोनदा बुडवली एवढंच."

आता मात्र आम्ही दोघंही हसलो. आणि मग एकदम थांबलो. एकशे सात वर्षांपूर्वी कार्तिकात मेलेली ती बाई माझ्या स्वयंपाकघरात ताटाशी उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघते आहे, असं काहीसं झालं.

"आईला माहीत आहे?"

"तुझी आई नऊ वर्षं पार्वतीचं माहेर शोधते आहे. फोटो तिच्याकडेच होता, पण मोडी तिला येत नाही. तू वाचून घेतलंस."

"तिला चुकीचं ठरवायला वाचून घेतलं."

"हो ना. जे कोणी प्रेमाने केलं नाही ते तू रागाने केलंस. आता तिला सांग."

"तू सांग लाह. तूच सांगतेस सगळं." चिडला की त्याच्या तोंडी हा इथला 'लाह' येतो.

"'जेवला का' इतकं सोपं नाही हे. हे मी नाही सांगणार."

त्याने चहा संपवला. "व्हिडिओ मी टाकणारच, मामी. विचारलं नाही तिने त्यांना. तो मुद्दा तसाच आहे."

"मग सबटायटल शनिवारी पाठवते," मी म्हटलं. आणि पाठवली. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. 'अस्तित्वातच नव्हती' हे लिहितानासुद्धा नाही. ते वाक्य त्याचं होतं, खोडायचं तर त्याने खोडायचं.

शनिवारी दुपारी ताईंचा फोन. मेसेज नाही, फोन.

"विभा, त्याने माझ्या यादीवर व्हिडिओ केलाय म्हणे. झलक आलीय, अनघाने पाठवली. उद्या चारला आहे. त्यातली एक बाई खोटी आहे म्हणतोय."

अनघा म्हणजे त्यांच्या चर्चमधली दुसरी मराठी बाई, जी कुठलीही वाईट बातमी ताजी पोचवते.

"खोटी कुठली गं?" ताईंचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मी एकेक नाव दहा-दहा वेळा तपासलंय. मला शिव्या दे म्हणावं. चर्चला दे. पण एवढ्या लोकांसमोर त्यातल्या एकीला नव्हतीच म्हणाला, तर मी त्याचं तोंड परत बघू शकेन असं मला वाटत नाही. आधीच त्या कुणाला आठवत नाहीत गं."

चिमा माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. मी जीभ चावली. लेकाकडून यायला हवी होती ती बातमी, मामीकडून नाही.

"उद्या येशील माझ्याबरोबर चर्चला?" ताई म्हणाल्या. "उपासाचा रविवार आहे. एकटीला पाय उचलवत नाहीये."

मी प्रबोधला एक ओळ पाठवली: "उद्या दहा वाजता, आईच्या चर्चमध्ये. मी असेन." निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

महिन्याचा पहिला रविवार त्यांचा उपासाचा. दोन वेळचं जेवण नाही, पाणीही नाही. त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने उठायचं, पुढे मंचापाशी जायचं आणि कागद न घेता आपल्याला जे खरं वाटतं ते सांगायचं. मला हे माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. साधी सभागृहासारखी खोली, कुठे क्रूस नाही, एसी कडक. आधी पावाचे तुकडे आणि इवल्या पेल्यांतून पाणी फिरलं. मी हात मांडीवर ठेवून बसले. मग माणसं उठू लागली. एका फिलिपिनो नर्सने रात्रपाळीत एका रुग्णाचा हात धरून बसल्याचं सांगितलं आणि रडली. एका चिनी आजोबांनी मंडारिनमध्ये काहीतरी इतकं हळू सांगितलं की भाषा येत असती तरी कळलं नसतं. एका लहान मुलीने आपल्या हॅमस्टरबद्दल आभार मानले. कोणी हसलं नाही. मी आजवर कितीतरी भाषणं ऐकली, पण पोट रिकामं ठेवून, हातात काही न घेता, माणसं एकामागून एक उठून उभी राहतात आणि आवाज कापत असला तरी बोलतात, हे माझ्या डोळ्यांना नवीन होतं. जे बोलतात ते मला पटत नव्हतं. तरी मान ताठ राहीना.

ताई उठल्या. मला वाटलं, चक्कर येऊन पडतात की काय. मंचापर्यंत गेल्या. माइक खाली ओढला.

"माझा मुलगा म्हणतो, मी मेलेल्या बायका चोरते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आज चार वाजता तो जगाला सांगणार आहे, त्यातली एक खोटी आहे. कुठली ते मला माहीत नाही. म्हणून मी सगळ्यांची नावं घेते. तुमच्यापैकी कोणी त्यांना ओळखत नाही. मीही नाही. पण त्या होत्या. हे मला माहीत आहे."

आणि मग मराठीत सुरू झाल्या.

"राधा, जी काशी झाली. बया, जी लक्ष्मी झाली. ठकू, जी सरस्वती झाली. मनू, जी दुर्गा झाली, बाराव्या वर्षी बाळंतपणात गेली..."

कागद नाही. डोळे मिटलेले. प्रत्येकीला आधी माहेरच्या नावाने हाक मारत होत्या, मग सासरच्या. दोनशे माणसं बसली होती, त्यात मराठी समजणारी मी आणि अनघा. बाकीच्यांना नुसती लय ऐकू येत होती: ही, जी ती झाली. हॅमस्टरवाली मुलगी आईच्या मांडीवर सरळ होऊन बसली. मी मोजत होते, मग मोजायचं विसरले. असं वाटत होतं की दार उघडं आहे आणि एकेक बाई पदर सावरत आत येऊन रिकाम्या खुर्चीवर बसते आहे. त्यांच्यात कुठेतरी कुंदाही असेल, असं उगाच मनात आलं आणि मला रुमाल शोधावा लागला.

"आणि पार्वती," ताई म्हणाल्या. थांबल्या. "तेवीस नंबरची मी शेवटी ठेवली. ती आधी कोण होती, मला माहीत नाही. नऊ वर्षं शोधतेय. सापडत नाही."

त्यांनी मंचाची कड घट्ट धरली होती. बिशप खुर्चीतून अर्धे उठले.

"चिमा."

मागून आलं. शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराला टेकून प्रबोध उभा होता. निळा शर्ट, सैल टाय. सगळ्या पांढऱ्या शर्टांच्या माना एकदम वळल्या. दोन वर्षांत तो त्या इमारतीत आला नव्हता, आणि तिथल्या निम्म्या लोकांनी त्याच्या व्हिडिओंखाली काही ना काही लिहिलेलं होतं.

"ती चिमा होती, आई," तो म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून परत म्हणाला, मराठीत, सावकाश. "वाईची. गोविंदची मुलगी. एक्केचाळीस नंबर. त्या दोघी एकच आहेत. मोडीत तिथी आहे, कार्तिक वद्य षष्ठी, दोन्ही पानांवर. मी वाचून घेतली. माझं चुकलं, ती खोटी नाही."

ताईंचे ओठ हलत होते. वाई, गोविंद, चिमा. मग त्यांचा हात तोंडावर गेला.

"वाईचा गोविंद? म्हणजे आजीचे आजोबा," त्या म्हणाल्या, माइकमध्येच, जणू खोलीत दुसरं कोणी नाही. "म्हणजे चिमा तिची सख्खी आत्या. प्रबोध, आजी आत्याच्याच घरात दिली रे! सासू म्हणजे तिची आत्याच. तान्ही असताना वाईला तिला कडेवर घ्यायची. आजी खरं बोलत होती. आम्ही हसलो तिला. ती खरं बोलत होती!"

मला वाटतं त्या क्षणी मीसुद्धा उभी होते. कधी उठले ते आठवत नाही. शंभर वर्षं एक म्हातारी पोर कुणाच्या तरी कडेवर अडकून राहिली होती, आणि आत्ता, सिंगापूरच्या एका एसी खोलीत, कोणीतरी तिला अलगद खाली उतरवलं.

ताईंनी डोळे पुसले, सरळ झाल्या. "चिमा, जी पार्वती झाली," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे येशूच्या नावाने शेवट केला. दोनशे माणसं "आमेन" म्हणाली. प्रबोध म्हणाला नाही. मीही नाही. पण आम्ही दोघंही बसलो नव्हतो.

रविवारी ताई विकत काही घेत नाहीत, बाहेर खात नाहीत, म्हणून उपास सोडायला दोघांना मी माझ्याकडे आणलं. वरण-भात आणि फरसबी. या वेळी खरी. दिलीप पळायला जायला निघाला होता. बहीण आणि भाचा एकाच लिफ्टमधून बाहेर पडताना बघून त्याने बूट काढले.

पावणेचार वाजले होते. प्रबोधने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला.

"ती ओळ मी काढली," तो म्हणाला. "सकाळीच. पण बाकीचं आहे, आई. तू त्यांना विचारलं नाहीस. चिमाला दोनदा विचारलं नाहीस. दॅट इज नॉट ओके, आणि मी ते म्हणणार."

ताई पाण्याचा घोट घेत होत्या, चर्चमधल्या त्या इवल्या पेल्यानंतरचा पहिला. ग्लास खाली ठेवला.

"आणि तू विचारलंस? तिच्यावर व्हिडिओ करताना?"

दिलीपने भाताकडे फार लक्ष दिलं.

"टाक," ताई म्हणाल्या. "मी नको म्हणत नाही. तुला जे खरं वाटतं ते तू उभा राहून सांग, आम्हीही तेच करतो. पण तिचं नाव नीट लिही. दोन्ही लिही. आणि कडेवरचं सांग."

"ते कशाला?"

"त्याशिवाय ती कोण होती ते कसं कळणार तुझ्या त्या लोकांना?"

चारला व्हिडिओ गेला नाही. त्याने खाली लिहिलं, 'पुढच्या आठवड्यात, एक दुरुस्ती आहे.' लगेच कमेंट सुरू झाल्या. एकीकडचे म्हणाले, देवाने तोंड बंद केलं. दुसरीकडचे म्हणाले, आईने दम दिला. मायलेकं तोवर लॅपटॉपवर डोकी जुळवून वाईचं पान मोठं करून बघत होती.

"ही ओळ काय आहे रे, चिमाच्या खालची?"

"मास्तरांना विचारतो. तुला मोडी शिकायची का? ते शिकवतात, झूमवर."

"तू शिकणार?"

"मला कशाला? बघू."

"बघू म्हणजे येतोस. मंगळवारी? बुधवारी माझी मीटिंग असते."

"आई, माझं ऑफिस असतं!"

"सातनंतर कर म्हणावं त्यांना. आणि टाय काढ आता, तीनदा वरणात बुडाला."

मी ताटं उचलली. ताई परत बँकॉकला जाणार, तो परत व्हिडिओ करणार, आणि दोघांचंही एकमेकांना पटणार नाही, हे मला सिंकपाशी उभं राहून स्वच्छ दिसत होतं. ताटात वरणातून टाय फिरल्याची खूणही दिसत होती. मी ती पुसली.

पुढच्या रविवारी सकाळी मी सवयीने फोन जवळ घेऊन बसले. आठ वाजले, साडेआठ झाले. "जेवला का विचार" आलं नाही. नऊला न राहवून मीच ताईंना फोन केला. फोन बिझी होता. प्रबोधला लावला. तोही बिझी.

मी फोन ठेवला आणि फरसबी निवडायला घेतली.